चौकीवर सोडलेली भिवरा

“मी वाट बघेन. तू येशील, माझी खात्री आहे,” ताईने सातव्यांदा वाचलं आणि सातव्यांदाही ते रेशनच्या दुकानाबाहेरच्या पाटीसारखंच वाटलं.

“अजून एकदा,” मी माइकमधून म्हणालो. “जरा मनापासून वाच.”

काचेपलीकडे ताईने मान हलवली. हेडफोन तिने उजव्या कानावरच ठेवला होता, डावी बाजू वर केसांवर चढवलेली. इलियासभाईंनी दोनदा खुणेने नीट लावायला सांगितलं. शेवटी तीच म्हणाली, “भाऊ, डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. राहू दे असंच.” इलियासभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कागद चाळत होतो.

अकरा वर्षं झाली याला. इलियासभाईंचं घराणं मिरजेतलं, तंबोरे बनवणारं. पुढच्या खोलीत वाळलेले भोपळे टांगलेले असायचे आणि मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. तिथे भजनं व्हायची, निवडणुकीची गाणी व्हायची. व्हिडिओ गेमसाठी कोणी बोलायला येण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे इलियासभाई इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

गेम आमचा होता. आमचा म्हणजे मुग्धा आवटीचा. बेंगळुरूची चांगली नोकरी सोडून ती सांगलीला परत आली होती आणि विश्रामबागेत चष्म्याच्या दुकानावर जागा घेऊन सहा माणसांची कंपनी चालवत होती. मी त्या सहांतला लेखक. आधी नाटकं लिहायचो, ती कोणी करत नसे. मग मुग्धाने बोलावलं, आणि अडतिसाव्या वर्षी मी राक्षस, मंत्र आणि शापित घाट लिहायला लागलो. गेम असा होता की खेळणारा एक तरुण योद्धा होऊन नऊ घाट ओलांडत जातो आणि वाटेत त्याला सोबती मिळतात. ते त्याच्याबरोबर लढतात, रात्री शेकोटीशी बसून बोलतात, रुसतात. असे सोबती घडवणं हे माझं काम. ते मला जमत नव्हतं.

मुग्धाची परीक्षा साधी आणि दुष्ट होती. तिसऱ्या घाटाखाली नदी लागायची. तराफ्यावर दोघांनाच जागा, म्हणजे खेळणाऱ्याला एका सोबत्याला अलीकडच्या उजाड चौकीवर सोडून जावंच लागे. दर शुक्रवारी ती कॉलेजातली दहा मुलं आणून खेळायला बसवायची. आणि तराफा सुटल्यावर किती जण मागे वळून बघतात, तेवढंच मोजायची. खेळणाऱ्याने कळ फिरवली की पडद्यावर मागचा काठ दिसायचा, तिथे सोडलेला सोबती उभा. कळ फिरवायची सक्ती नव्हती. नाही फिरवली तर नदी पुढे वाहतच होती.

माझ्या तिरंदाजासाठी कोणी वळलं नाही. माझ्या दारुड्या पुजाऱ्यासाठी एक मुलगी वळली, पण तिचा हात चुकून लागला होता असं तिनेच सांगितलं.

“तुझे सोबती माहिती देतात,” मुग्धा म्हणाली. “राज्याचा इतिहास सांगतात. त्यांना लोक बरोबर नेतात ते ओझी उचलायला. सुहास, मला एक तरी असं माणूस दे की ज्याला सोडताना पोटात तुटेल. नाहीतर मला दुसरा लेखक बघावा लागेल, आणि ते मला नको आहे.”

मला तर मुळीच नको होतं. मग मी भिवरा लिहिली.

भिवरा ही झाडपाल्याची औषधं देणारी बाई. योद्धा जखमी होऊन आला की आधी ओरडते, मग पट्टी बांधते. “पाय धुऊन बस, मग सांग कोणाला मारलंस ते,” असं म्हणते. दाराकडे पाठ करून कधी बसत नाही. निजताना चपला उशाशी ठेवते, एकावर एक. आणि चालताना कायम योद्ध्याच्या डाव्या अंगाने चालते. का, ते गेममध्ये कुठेही सांगितलेलं नाही. मुलांना ते फार आवडलं. पहिल्या शुक्रवारी दहातले सात जण वळले. मुग्धाने मला मिठी मारली, कपातला चहा माझ्या शर्टावर सांडला.

यातलं एकही मला सुचलेलं नव्हतं. वैजूताई, माझी सख्खी बहीण, सात वर्षांनी मोठी, असंच बोलायची आणि असंच वागायची. कुपवाडला दोन खोल्यांत एकटी राहायची, सकाळी अंगणवाडीत शिकवायची. तिच्या चपला, तिचं बसणं, तिचं चालणं मी जसंच्या तसं उचललं. चोरी करताना माणूस निदान इकडेतिकडे बघतो. मी तेही केलं नाही. उलट आवाजासाठी माणूस शोधायची वेळ आली तेव्हा मुग्धा म्हणाली की कोणी नटी नको, खरी बाई हवी, आणि मी सरळ ताईचं नाव सांगितलं. अंगणवाडीत गोष्टी सांगून सांगून तिचा आवाज चांगला तयार झालेला होता.

त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या आधी इलियासभाईंच्या संगणकावर मी तिला भिवरा दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली.

“ही माझ्यासारखी चालते रे,” ती म्हणाली.

“तसं काही नाही.”

“बरी दिसते की. नऊवारी कशाला नेसवलीयस पण, घाट चढायचाय तिला?” एवढंच बोलून ती आत गेली.

शेकोटीचे संवाद तिने झरझर केले. ओरडणं तर असं केलं की इलियासभाई हसले आणि पुन्हा घ्यावं लागलं. अडलं ते चौकीवरच्या वाक्यावर. सात वेळा अडलं. संध्याकाळपर्यंत सगळं मुग्धाकडे पोचवायचं होतं आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

आठव्या वेळी ताईने वाचलंच नाही. कागद खाली ठेवला.

“सुहास, ही बाई असं म्हणायची नाही.”

“कोण बाई?”

“ही तुझी भिवरा. तिला कळतंय ना, हा काही परत येत नाही?”

“नाही कळत. तिला वाटतंय येईल.”

“एवढ्या लढाया बघितलेली बाई, आणि तिला कळत नाही?”

“ताई, वेळ जातोय. मग काय म्हणेल ती? तूच सांग.”

ताईने काचेतून माझ्याकडे नाही, इलियासभाईंकडे बघितलं. अंगणवाडीतल्या पोराला समजावतात तशा आवाजात म्हणाली, “ती म्हणेल, पाणी घेऊन जा. वाटेत मिळायचं नाही. मला काय, मी पोचलेच आता.”

इलियासभाईंचा हात बटणावरून खाली आला. त्यांना काही माहीत नव्हतं, पण आवाज ऐकण्यात आयुष्य गेलेला माणूस. मला मात्र सगळं माहीत होतं.

त्याच्या आधी चौदा वर्षं. ताई बॅग घेऊन माहेरी आली होती. सासरी काय चाललंय ते तिने आईला सांगितलं, आईने मला सांगितलं, आणि पुढच्या रविवारी मुलीकडचे मला बघायला येणार होते. नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात दिसली तर काय म्हणतील! आईला काळजी होती, आणि खरं सांगायचं तर आईपेक्षा मला जास्त होती. “चार दिवस पोचवून ये,” आई म्हणाली. मी पोचवून आलो. गावात गेलोसुद्धा नाही. फाट्यावर उतरलो, तिथून गाव दोन मैल. समोरून परतीची एसटी येताना दिसत होती. “महिन्याभरात न्यायला येतो, माझं एकदा ठरू दे,” असं मी म्हणालो. ताईने स्वतःजवळची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि हेच म्हणाली. मी एसटीत बसलो. अर्ध्या तासात ते पाणी पिऊन टाकलं.

माझं ठरलं, लग्न झालं. मी गेलो नाही. ताई तीन वर्षांनी आपली आपण आली, नवऱ्याने दुसरी आणल्यावर. तिचा डावा कान त्या तीन वर्षांत कधी गेला ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

“तुझ्या लक्षात आहे होय,” मी माइकमधून म्हणालो.

“बाटली कुठे परत दिलीस तू माझी,” ताई म्हणाली आणि हसली.

माणसाच्या पोटचा कोणीही असता तर उठून आत गेला असता. पाय धरले असते, निदान खोलीबाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आला असता. माझ्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट आली, की वाक्य मिळालं. किती वर्षं लिहीत होतो, असं वाक्य मला साता जन्मांत सुचलं नसतं.

“इलियासभाई, चालू करा. ताई, तेच बोल. फक्त ‘पोचलेच आता’ नको, चौकी उजाड आहे. ‘मी बसलेय इथे’ म्हण.”

ताई म्हणाली, “बोलते. पण तिला न्यायला येता आलं पाहिजे.”

“म्हणजे?”

“खेळणाऱ्याला वाटलं, की जाऊन तिला घेऊन यावं, तर त्याला येता आलं पाहिजे. आणि ती तिथे असली पाहिजे. बाकी तुझ्या गेममध्ये काय वाटेल ते कर.”

“येईल. ठेवतो ना तसं. मुग्धाला सांगतो आजच.”

“नक्की?”

“आईशपथ.”

“आईची शपथ नको,” ताई म्हणाली. “नुसतं हो म्हण.”

“हो.”

पाण्याचं वाक्य तिने एकदाच म्हटलं. इलियासभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घ्यायचं का असं विचारलंसुद्धा नाही. मग न्यायला आल्यावर भिवरा काय म्हणेल ते हवं होतं. मी घाईघाईत काहीतरी लिहायला लागलो, तर ताई म्हणाली, “लिहू नकोस, मला येतंय.” डोळे मिटून ती म्हणाली, “आलास? चल, मी तयारच आहे.”

त्या आवाजाबद्दल आजही मला धड सांगता येत नाही. मी दहा-बारा वर्षांचा असताना ताई कॉलेजातून घरी यायची आणि दारातूनच मला हाक मारायची, तेव्हाचा तो आवाज. पंचवीस-सव्वीस वर्षांत मी तो ऐकला नव्हता. हातात काही नसताना गाठोडं उचलल्याचा दमही त्यात होता. शेवटी ती स्वतःशी हसलीही. इलियासभाई “वा” म्हणाले. ते रेकॉर्डिंगमध्ये आलं, नंतर पुसावं लागलं.

शब्द दिला तसं मुग्धाने केलं. नदी ओलांडल्यावर वरच्या अंगाने एक लांबची वाट काढली, त्या वाटेने योद्ध्याला परत चौकीवर येता येई. भिवरा उठायची, म्हणायची, “आलास? चल,” आणि डाव्या अंगाने चालायला लागायची. पुढच्या शुक्रवारी मुग्धाने पाच मुलांना ही वाट असलेला गेम दिला आणि पाच मुलांना वाट नसलेला.

वाट असलेले पाचही जण तिला परत घेऊन आले. खूश झाले. आणि आठवड्याने विचारलं तेव्हा दोघांना तिचं नावही आठवेना. वाट नसलेल्यांतला एक मुलगा तासभर नदीकाठी वर-खाली फिरत राहिला. एकीने खेळ थांबवून हातांनी तोंड झाकून घेतलं. तिसऱ्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसला येऊन मला विचारलं, “सर, तिला आणायचं काही तरी असेलच ना? मला सांगा ना, मी कोणाला सांगणार नाही.”

“तुझी निर्मिती, तू ठरव,” मुग्धा म्हणाली. “पण बहिणीला शब्द दिलायस असं तूच सांगितलं होतंस मला.”

“तिला कुठे गेम खेळता येतो?”

“हे उत्तर आहे का?”

“वाट काढून टाक,” मी म्हणालो. “न्यायला आलेली बाई कोणाच्या लक्षात राहत नाही.”

मुग्धा बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसली. मग तिने वाट काढून टाकली. कंपनी तिची होती, तिलाही गेम चालायला हवा होता, तेव्हा सगळा दोष मी माझ्याच माथी घेणार नाही.

आता “आलास? चल, मी तयारच आहे” हे वाक्य उरलं. ते फेकवेना. असा आवाज पुन्हा मिळणार नाही हे लेखक म्हणून मला कळत होतं, आणि सातव्या घाटाच्या दलदलीत मला एक चकवा हवा होता. वाटसरूला भुलवून चिखलात नेणारा चकवा आपल्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. तो ओळखीच्या आवाजात हाका मारतो. मी त्याला ताईचा आवाज दिला. धुक्यातून हाक येते, “आलास?” खेळणारा वेड्यासारखा धावत जातो आणि समोर ते रूप उभं राहतं, तोंड नसलेलं. मग त्याला मारायचं. मारल्याशिवाय आठवा घाट उघडत नाही.

गेम चालला. असा चालला की आम्ही सहाचे तीस झालो. “पाणी घेऊन जा” हे वाक्य पोरांनी टी-शर्टवर छापलं. बेंगळुरूला बक्षीस मिळालं, तिथे मला व्यासपीठावर बोलावून विचारलं की मनात घर करणारा सोबती कसा लिहावा. मी वीस मिनिटं बोललो. निरीक्षण हवं म्हणालो, सहृदयता हवी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला खरोखर वाटलं की मी सहृदय आहे.

ताईला मात्र गेम खेळायचा होता. मी दोनदा टाळलं. मग मुग्धानेच ऑफिसातला जुना संगणक तिच्या घरी पोचवला आणि दोन दुपारी बसून तिला कुठली कळ कशाला ते शिकवलं. कशासाठी शिकवलं ते मुग्धाने मला कधी सांगितलं नाही. अंगणवाडी सुटली की ताई जेवून खेळायला बसायची, अशी बातमी मला माझ्या बायकोकडून कळत होती. मी महिना, दीड महिना कुपवाडकडे फिरकलो नाही. पण भाऊबीज आली, आणि भाऊबीजेला न जायला काही कारण सापडेना.

सकाळी अकराच्या सुमारास गेलो. ताईने पाट मांडून ठेवला होता, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी. संगणकावर स्वच्छ पांढरा रुमाल घातलेला होता. तिने मला फराळाची ताटली दिली आणि समोर बसली, दाराकडे तोंड करून.

“चौकीवर परत जायला बघितलं मी,” ती म्हणाली. “वाटच नाही रे.”

“वेळेत जावं लागतं,” मी म्हणालो. चकली तोंडात होती ते बरं झालं.

“पहिल्यांदा लगेच वळले. तराफ्यावरून उतरले आणि वळले. मग वाटलं, वाट वरून असेल, तर वरून हिंडले. मग सगळं पुसून पहिल्यापासून खेळले. तीनदा. मला वेळ लागतो, बोटं वळत नाहीत लवकर. म्हटलं, आपलंच काही चुकत असेल.”

मी ताटलीतली करंजी उचलली.

“मग पुढे गेले. जाऊ नये असं वाटत होतं, पण किती दिवस त्या नदीवर बसणार? तर दलदलीत आवाज आला. ‘आलास?’ म्हणून. मला इतका आनंद झाला, सुहास. म्हटलं, बघ, लबाडाने तिला इकडे आणून ठेवलंय, मला चकित करायला. मी धावत गेले. चिखलात दोनदा पडले, मेले, पुन्हा गेले.”

“ताई, ते असं आहे की—”

“थांब. तर तो चकवा. आवाज माझा. मी दोन दिवस बंद करून ठेवला तो डबा. तिसऱ्या दिवशी म्हटलं, बघू तरी, त्याच्याशी काही बोलता येतं का. सगळ्या कळा दाबून बघितल्या. बोलता येत नाही. तलवारच आहे नुसती.”

“मग?”

“मग मारलं मी. दुसरं काही करता येत नव्हतं.” तिने माझ्या ताटलीत अजून एक करंजी ठेवली. “पण एक विचारू का? ती मरताना पुन्हा तेच म्हणते. खाली पडते आणि म्हणते, ‘चल, मी तयारच आहे.’ आणि हसते. ते मुद्दाम तसं केलंय का रे तू?”

मुद्दाम केलं होतं. मुग्धा नको म्हणत असताना भांडून केलं होतं. त्या दिवशी घरी येताना मी बायकोसाठी गजरा घेतला होता, इतकं मला ते काम चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं.

“नाही गं,” मी म्हणालो. “बिघाड असेल काहीतरी. आवाज इकडचा तिकडे लागतो कधी कधी.”

ताईने माझ्याकडे बघितलं. उजवा कान माझ्याकडे करून, नीट ऐकू आलंय ना याची खात्री करून घ्यावी तशी.

“असेल,” ती म्हणाली आणि निरांजन लावायला उठली. “हात धू आणि पाटावर बस. ओवाळते तुला.”

मी बसलो.